दुधातली पावडर: तिचा जन्म कशासाठी झाला आणि ती आपल्या घरी कशी आली

"डॉक्टर, दुधात घालायला कुठली पावडर चांगली?" हा प्रश्न मला वर्षभर विचारला जातो, आणि जून महिन्यात शाळा सुरू होताना जरा जास्तच. बहुतेक वेळा मूल आजारी नसतं. वजन, उंची वयाला साजेशी असते. पण "ते नीट जेवत नाही", "वर्गातल्या मुलांपेक्षा बारीक दिसतं", "आता अभ्यास वाढणार, ताकद नको का?" अशी आईबाबांची काळजी असते. काळजी खरी असते, त्यामुळे "काही गरज नाही" एवढं सांगून त्यांना परत पाठवणं मला पटत नाही.

व्हिटॅमिन घातलेली ही पेयं मुलांसाठी चांगली की वाईट, याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. पण ती मुळात कोणत्या अडचणीवर उपाय म्हणून तयार झाली हे एकदा समजलं, की तुमच्या मुलाला त्यांची गरज आहे का हे तुम्हीच ठरवू शकाल. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो.

दूधच धोक्याचं होतं तेव्हा

गोष्ट सुरू होते एकोणिसाव्या शतकात, युरोप-अमेरिकेतल्या वाढत्या शहरांत. आईचं दूध मिळत नसलेल्या बाळाला गाईचं दूध द्यायचं, पण ते दूध कसलं? न्यूयॉर्कमध्ये दारूच्या भट्ट्यांना लागून गोठे असत आणि भट्टीतला उरलेला चोथा गाईंना घालत. आजारी गाईंचं ते पातळ, निळसर दूध खडू वगैरे घालून पांढरं करत आणि विकत. १८५८ मध्ये फ्रँक लेस्ली या संपादकाने आपल्या साप्ताहिकात चित्रांसह हा सगळा प्रकार उघडकीला आणला. जिथे भेसळ नव्हती तिथेही बर्फ नव्हता आणि दूध निर्जंतुक करण्याची पद्धत रुळलेली नव्हती. उन्हाळा आला की जुलाबांनी बाळं दगावत.

तेव्हा रसायनशास्त्रज्ञ या प्रश्नाच्या मागे लागले. जर्मनीच्या लीबिग यांनी १८६० च्या दशकात गव्हाचं पीठ, माल्टचं पीठ, गाईचं दूध आणि थोडा पोटॅशियमचा क्षार असं बाळांसाठीचं मिश्रण सुचवलं. १८६७ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले यांनी दूध-पिठाची भुकटी आणली. आणि मग येतात हॉर्लिक बंधू.

जेम्स हॉर्लिक हे इंग्लंडचे. औषधनिर्माते होते आणि लंडनमध्ये बाळांचं अन्न बनवणाऱ्या कंपनीत काम करत. धाकटे विल्यम १८६९ मध्ये अमेरिकेला गेले, १८७३ मध्ये जेम्सही तिकडे पोचले. शिकागोत सुरुवात करून पुढे ते विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावी स्थिरावले. १८८३ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं ते अशा भुकटीचं, जिच्यात दूध आधीच वाळवून मिसळलेलं होतं. भुकटी घ्यायची, गरम पाण्यात ढवळायची आणि बाळाला पाजायची. बाहेरच्या दुधाची गरजच नाही! याला त्यांनी 'माल्टेड मिल्क' म्हटलं.

माल्ट म्हणजे काय, हे इथेच सांगून टाकतो, कारण डब्यावर हा शब्द वाचून पुष्कळांना ते काहीतरी औषध वाटतं. बार्ली म्हणजे आपलं सातू. ते भिजवून मोड आणले की दाण्यात अमायलेझ नावाचं विकर (एन्झाइम) जागं होतं आणि स्टार्च तोडून त्याची साखर करू लागतं. हे मोड आलेलं सातू वाळवून, भाजून दळलं की माल्ट तयार. ते गोड लागतं, पचायला हलकं असतं आणि खीर त्यामुळे घट्ट होत नाही. आपल्याकडे आजी नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायची, वाळवून हलकी भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची आणि बाळाला त्याची खीर द्यायची. तत्त्व अगदी तेच! मोड आलेल्या नाचणीची खीर पातळ राहते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त धान्य बसतं आणि बाळाच्या छोट्या पोटात जास्त अन्न जातं. फक्त आजीने पेटंट घेतलं नाही.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. १८८३ मध्ये 'व्हिटॅमिन' हा शब्दच अस्तित्वात नव्हता. उंची, बुद्धी, एकाग्रता यांचा त्या भुकटीशी काही संबंध नव्हता. ती बनवली होती दूषित दुधाला पर्याय म्हणून, तान्ह्या बाळांसाठी आणि पचन नाजूक झालेल्या आजारी माणसांसाठी. आणि त्या कामासाठी, त्या काळात, ती चांगलीच होती.

पण दूध सुधारलं. पाश्चरायझेशन आलं, रेफ्रिजरेटर आले. मूळ अडचण गेली तरी कारखाना उभा होता, मग नवे गिऱ्हाईक शोधणं आलं. ही भुकटी ध्रुवावर जाणाऱ्या मोहिमांच्या सामानात गेली. अंटार्क्टिकातल्या एका पर्वतरांगेला आजही हॉर्लिक यांचं नाव आहे. अमेरिकेत १९२२ मध्ये वॉलग्रीन्सच्या दुकानात कुणीतरी ती आइस्क्रीममध्ये घुसळली आणि बाळाचं अन्न मिल्कशेक झालं. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात जाहिरात कंपनीने तर एक आजारच शोधून काढला, त्याचं नाव 'नाइट स्टार्व्हेशन', म्हणजे रात्री झोपेत होणारी उपासमार! सकाळी थकवा वाटतो? मग रात्री झोपताना एक कप हॉर्लिक्स घ्या. वैद्यकशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात हा आजार नाही. पण खप जोरात वाढला. आधी काळजी तयार करायची आणि मग तिच्यावरचा डबा विकायचा, ही युक्ती पुढे आपल्यालाही भेटणार आहे.

व्हिटॅमिनने खरंच चमत्कार केला होता

व्हिटॅमिनचा इतिहास वेगळ्या वाटेने आला. कॅसिमिर फंक या शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये हा शब्द वापरात आणला. तेव्हा कारखान्यांच्या धुराने काळवंडलेल्या शहरांत मुडदूस घरोघरी होता: मुलांचे पाय धनुष्यासारखे वाकलेले, छातीच्या फासळ्यांवर गाठी. लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवलं, की हा आहारातल्या कमतरतेचा आजार आहे आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो बरा होतो. पुढे मॅक्कॉलम यांनी त्या तेलातल्या घटकाला १९२२ मध्ये 'व्हिटॅमिन डी' नाव दिलं.

आणि पुन्हा विस्कॉन्सिन! रसीनपासून फार लांब नसलेल्या मॅडिसनच्या विद्यापीठात हॅरी स्टीनबॉक यांना १९२३-२४ मध्ये आढळलं, की काही अन्नपदार्थांवर अतिनील किरण सोडले की त्यांत व्हिटॅमिन डी तयार होतं. क्वेकर ओट्स कंपनीने त्यांच्यापुढे दहा लाख डॉलरची तयारी दाखवली. त्यांनी ते स्वतःसाठी घेतले नाहीत. पेटंट विद्यापीठाशी जोडलेल्या संस्थेकडे सोपवलं आणि त्याचा वापर कोण, कशासाठी करतो यावर नियंत्रण ठेवलं. १९३० च्या दशकात अमेरिकेत दुधात व्हिटॅमिन डी घालायला सुरुवात झाली आणि मुडदूस झपाट्याने ओसरला.

आयोडीनचंही तसंच. १९२० च्या दशकात स्वित्झर्लंड आणि अमेरिकेत मिठात आयोडीन घालायला लागले. आपल्याकडे डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात दाखवून दिलं, की आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो. आज तुमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यात ते मीठ आहे.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण "अन्नात व्हिटॅमिन मिसळणं म्हणजे फसवणूक" असं कुणी म्हटलं तर ते चूक आहे. फोर्टिफिकेशन हे सार्वजनिक आरोग्यातलं मोठं यश आहे. पण ते कुठे यशस्वी झालं ते पाहा. कमतरता कुठली आहे हे आधी माहीत होतं. गरीब-श्रीमंत सगळेच खातात असा पदार्थ निवडला होता. मात्रा मोजून ठरवली होती. आणि मीठ चांगलं म्हणून कुणी भाजीत दोन चमचे जास्त घालत नाही.

मात्रा चुकली तर काय होतं, हेही ब्रिटनने पाहिलं. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर तिथे बाळांच्या दुधाच्या भुकटीत व्हिटॅमिन डी, लापशीच्या पिठात व्हिटॅमिन डी आणि वर सरकारकडून कॉड लिव्हर ऑइल. हेतू उत्तमच होता. पण १९५० च्या दशकात काही बाळांमध्ये रक्तातलं कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत वाढलेलं आढळू लागलं. भूक जाणं, उलट्या, बद्धकोष्ठता, वजन न वाढणं. त्यानंतर १९५७ मध्ये तिथे मात्रा कमी करण्यात आल्या. व्हिटॅमिन ए, डी, ई आणि के शरीरात साठतात, जादा झालेली सहज लघवीवाटे जात नाहीत. तेव्हा पावडरीत व्हिटॅमिन, बिस्किटात व्हिटॅमिन, सीरियलमध्ये व्हिटॅमिन आणि वर कुणीतरी सुचवलेले गमीज, असा बेत असेल तर एकदा बेरीज करून बघा.

एक कंपनी, दोन पेयं

मला या विषयात सर्वांत बोलकी वाटते ती १९९० च्या दशकाच्या शेवटची जोडगोष्ट.

प्रॉक्टर अँड गॅम्बल ही मोठी अमेरिकन कंपनी. तिने एक संत्र्याच्या चवीचं, लोह, व्हिटॅमिन ए, आयोडीन, झिंक वगैरे घातलेलं पेय तयार केलं. टांझानियातल्या ग्रामीण भागातल्या प्राथमिक शाळांत सहा महिने त्याची चाचणी झाली. निम्म्या मुलांना हे पेय आणि निम्म्यांना तसंच दिसणारं, तशाच चवीचं, पण पोषकद्रव्यं न घातलेलं. कोणतं कोणाला हे कुणालाच माहीत नाही. सहा महिन्यांनंतर पोषकद्रव्यं मिळालेल्या मुलांमध्ये लोहाची आणि व्हिटॅमिन एची कमतरता कमी झाली, आणि वजन-उंचीही दुसऱ्या गटापेक्षा जास्त वाढली. २००३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. निष्कर्ष स्पष्ट होता, आणि मला त्यात शंका वाटत नाही.

त्याच सुमारास, १९९८ मध्ये, याच कंपनीने ब्रिटनच्या बाजारात 'सनी डिलाइट' आणलं. तेही नारिंगी, तेही व्हिटॅमिन ए, बी, सी घातलेलं. फळांचा रस मात्र पाच टक्क्यांच्या आसपास, बाकी मुख्यतः पाणी आणि साखर. बाटल्या दुकानात मुद्दाम फ्रीजच्या कपाटात, ताज्या रसांच्या शेजारी मांडलेल्या, म्हणजे बघणाऱ्याला ते ताजंच वाटावं. आयांनी विश्वासाने घेतलं. पाहता पाहता ते देशातल्या सर्वाधिक खपाच्या पेयांत जाऊन बसलं. आणि १९९९ च्या अखेरीला वेल्समधल्या एका डॉक्टरांकडे एक लहान मुलगी आली, जिचा चेहरा आणि तळहात नारिंगी-पिवळे झाले होते. कावीळ नव्हती. ती रोज साधारण दीड लिटर सनी डिलाइट पीत होती आणि त्यातलं बीटा-कॅरोटीन कातडीत उतरलं होतं. हा प्रकार निरुपद्रवी असतो, पिणं थांबवलं की रंग जातो. (खूप गाजर खाल्लं तरी होतो. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला नाही तर कावीळ नाही, हे लक्षात ठेवा.) पण रोज दीड लिटर साखरपाण्याचं काय? ती बातमी पसरली आणि खप घसरला.

टांझानियातल्या मुलाच्या रक्तात लोह कमी होतं. वेल्समधल्या मुलीला व्हिटॅमिन कमी पडत नव्हतं, तिला नको असलेली साखर व्हिटॅमिनच्या नावाखाली मिळत होती. पेय "हेल्दी" आहे का, या प्रश्नाला पिणारं मूल कोण हे कळल्याशिवाय उत्तर नाही, असं मी म्हणतो ते यासाठी.

आपल्याकडेही चांगला अभ्यास झाला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने एका निवासी शाळेतल्या मुलांना १४ महिने असं सूक्ष्म पोषकद्रव्यांचं पेय दिलं आणि दुसऱ्या गटाला साधं. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. लक्ष एकाग्र करण्याच्या चाचण्यांत फायदा दिसला. बुद्ध्यांक, स्मरणशक्ती आणि शाळेतले गुण यांत फरक दिसला नाही. जाहिरातीत या दोन वाक्यांपैकी कोणतं येईल, हे तुम्ही ओळखलंच असेल.

आणि डब्यावर लिहिलेलं आत असतंच का? न्यूझीलंडमध्ये २००४ साली दोन चौदा वर्षांच्या मुलींनी शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी वेगवेगळ्या पेयांतलं व्हिटॅमिन सी मोजलं. 'रायबिना' हे काळ्या करंट फळांचं पेय. महायुद्धात संत्री मिळेनाशी झाली तेव्हा ब्रिटनमध्ये काळ्या करंटचं सरबत मुलांना व्हिटॅमिन सीसाठी फुकट वाटलं जात असे, एवढी त्याची पुण्याई. जाहिरात सांगायची, की या फळात संत्र्याच्या चौपट व्हिटॅमिन सी असतं. फळाबद्दल ते असेलही. पण तयार पेयाच्या खोक्यात या मुलींना ते जवळजवळ सापडलंच नाही. कंपनीने आधी दाद दिली नाही. शेवटी प्रकरण सरकारी यंत्रणेकडे गेलं, आणि २००७ मध्ये कंपनीने ऑकलंडच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि दोन लाख डॉलरच्या वर दंड भरला. ही कंपनी म्हणजे ग्लॅक्सोस्मिथक्लाइन, त्या काळी आपल्या हॉर्लिक्सचीही मालक.

आपल्या घरात डबा कसा आला

हॉर्लिक्स भारतात रुजलं ते पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांबरोबर. पंजाब, बंगाल, मद्रास इथल्या सुखवस्तू घरांत ते आधी गेलं. १९६० च्या सुमारास पंजाबातल्या नाभा इथे कारखाना सुरू झाला. ताजं दूध कमी मिळत असे अशा दक्षिण आणि पूर्व भारतात ही पांढरी पावडर जास्त चालली, कारण ती स्वतःच दुधाची जागा घेत होती. महाराष्ट्र-गुजरातकडे दूध होतं, पण मुलांना ते नकोसं होतं. मग इकडे चॉकलेटच्या चवीची तपकिरी पावडर चालली. बर्मिंगहॅमजवळच्या बोर्नव्हिल या कॅडबरीच्या वसाहतीवरून नाव पडलेलं बोर्नव्हिटा १९४८ पासून भारतात आहे. म्हणजे बघा, जी पावडर दुधाऐवजी द्यायची म्हणून जन्मली, ती आपल्याकडे दूध गळी उतरवण्यासाठीचा मसाला झाली.

माझ्या पिढीच्या आठवणीत हॉर्लिक्सची काचेची बाटली म्हणजे दवाखान्यात कुणाला भेटायला जाताना न्यायची वस्तू. मुलांनी रोज प्यायची वस्तू ती नव्हतीच. ते बदललं जाहिरातींनी. १९७२ मध्ये बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट सुरू झाली. पुढे रेडिओवर अमीन सयानींच्या आवाजात ती ऐकत आम्ही मोठे झालो, आणि पावडर व हुशारी यांची सांगड डोक्यात कायमची बसली. बूस्टने आधी कपिल देव आणि मग सचिन आणला. कॉम्प्लानने उंचीची पट्टी भिंतीवर लावली. मूल बुटकं राहील ही भीती कुठल्या आईला वाटत नाही? 'नाइट स्टार्व्हेशन'चा हा देशी अवतार.

२००८ मध्ये एक मजेशीर गोष्ट घडली. बांगलादेशासाठी केलेली हॉर्लिक्सची जाहिरात तिथल्या एका वाहिनीवरून चुकून ब्रिटनमध्ये दिसली. मुलं उंच, बळकट आणि तल्लख होतात असा दावा त्यात होता. तिथल्या जाहिरात नियंत्रण संस्थेने पुरावे मागितले, ते पुरेसे वाटले नाहीत आणि जाहिरातीवर बंदी आली. तोच दावा आपल्याकडे रोज संध्याकाळी टीव्हीवर चालू होता.

अलीकडचं तुम्हाला आठवत असेल. एप्रिल २०२३ मध्ये एका तरुणाने बोर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ केला. कंपनीने कायदेशीर नोटीस पाठवल्यावर त्याने तो काढून टाकला, पण तोवर तो लाखो लोकांनी पाहिला होता. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने कंपनीकडे खुलासा मागितला. त्याच वर्षअखेर जादा साखर दर १०० ग्रॅमला ३७.४ ग्रॅमवरून ३२.२ ग्रॅमवर आली. एप्रिल २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरण आणि पाठोपाठ वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं, की ही पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली विकू नका. कारण साधं होतं: आपल्या २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाची काही व्याख्याच नाही. इतकी वर्षं आपण ज्या नावाने ते विकत घेत होतो, ते नाव कायद्याला माहीतच नव्हतं! त्याच महिन्यात हॉर्लिक्सच्या नव्या मालकांनीही आपल्या सदरातला 'हेल्थ' हा शब्द काढला.

मग द्यायचं की नाही?

डबा घ्या आणि मागचं लेबल वाचा. समोरचं नको, मागचं.

एका कपासाठी साधारण २० ग्रॅम पावडर सांगितलेली असते. १०० ग्रॅमला ३२ ग्रॅम साखर असेल तर कपात सहा-साडेसहा ग्रॅम, म्हणजे दीड चमचा साखर. प्रथिनं १०० ग्रॅमला सात ग्रॅम असतील तर कपात जेमतेम दीड ग्रॅम. त्याच कपातलं २०० मिलिलिटर दूध सहा ते सात ग्रॅम प्रथिनं आणि सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम देतं. ताकद कुणाची, दुधाची की पावडरीची? काही ब्रँडमध्ये प्रथिनं जास्त असतात, १८ टक्क्यांपर्यंत, तेवढा फरक मान्य. पण मूठभर शेंगदाण्यांत किंवा एका अंड्यात तेवढी प्रथिनं असतातच.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, की वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत, आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत ठेवा. सहा वर्षांच्या मुलाला ५ टक्के म्हणजे सुमारे १७ ग्रॅम. सकाळ-संध्याकाळ पावडरीचं दूध दिलं की त्यातली १३ ग्रॅम संपली, आणि "जरा फिकं लागतं" म्हणून वर घातलेला चमचा धरला तर सगळीच. बिस्किटं, जॅम, वाढदिवसाचा केक अजून मोजलेच नाहीत.

आता रक्ताबद्दल, कारण खरी चिंता तिथे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. आणि इथे दुधाची पावडर फारशी कामाची नाही, मग डब्यावर 'आयर्न' कितीही मोठ्या अक्षरांत असो. दुधातलं कॅल्शियम आणि केसीन लोहाचं शोषण कमी करतात, कोकोही करतो. शिवाय दिवसाला पाऊण-एक लिटर दूध पिणाऱ्या मुलाच्या पोटात जेवणाला जागाच उरत नाही. "जेवत नाही म्हणून दूध" आणि "दूध पितो म्हणून जेवत नाही", हे चक्र मी ओपीडीत रोज पाहतो. मूल फिकट दिसत असेल, दमत असेल, माती किंवा खडू खात असेल तर डबा बदलू नका, हिमोग्लोबिन तपासा. लोहाचं औषध स्वस्त आहे आणि सरकारी योजनेत फुकट मिळतं: लहानांना सिरप, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी, त्यापुढच्यांना निळी. व्हिटॅमिन एचे डोस नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी असतात. जंताची गोळी शाळेत मिळते, ती चुकवू नका. जंत पोटात असतील तर कुठलीच पावडर काय करणार?

वाढीचा तक्ता बघा. वजन-उंचीच्या रेषेवर मूल सरळ चाललं असेल तर शेजारच्याशी तुलना सोडा. आई-वडील बेताच्या उंचीचे असतील तर पावडरीने मूल सहा फूट होत नाही. रेष खाली वळत असेल तर मात्र डॉक्टरांकडे या. मोठ्या आजारातून उठलेलं, वजन खरंच घटलेलं किंवा काही कारणाने घन अन्न न जाणारं मूल, यांना आम्ही स्वतः पोषक पावडर लिहून देतो, कोणती आणि किती दिवस ते ठरवून. दोन वर्षांखालच्या मुलाला मात्र साखर घातलेलं कुठलंच पेय नको.

"पण पावडर नसेल तर तो दूध तोंडात घेत नाही." हे मला मान्य आहे, तिथे भांडण करू नका. दोन चमचे घालत असाल तर या आठवड्यात दीड घाला, पुढच्या आठवड्यात एक, वरची साखर पूर्ण बंद. खारकेची पूड, वेलची, केळं, कधी हळद घालून बघा. दूध अजिबातच नको म्हणत असेल तर दही, ताक, पनीर चालतं. नाचणीत १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, भाकरी किंवा खीर जे आवडेल ते द्या. आणि लोहासाठी जेवणात पालेभाजी, उसळ, अळीव, मांसाहारी असाल तर मटण-मासे, वर लिंबू पिळून. दुधाचा कप जेवणाबरोबर न देता दोन तास आधी किंवा नंतर द्या.